वाघजाईला बोललेला डोंगर

म्हशीची धार काढून मी घरात आले तर चुलीत नुसती राख होती. पहाटे मी ऐनाचं जाड लाकूड लावलं होतं, दुपारपर्यंत धुमसत राहणारं. ते बाजूला ओढलेलं होतं आणि त्याचा पेटता शेंडा कुणीतरी ठोकून काढून नेला होता. कोनाड्यातलं खापरही जागेवर नव्हतं.

आमचे मालक अंगणात दावं वळत बसले होते.

"आत्याबाई कुठं गेल्या?" मी विचारलं.

"असंल परसाकडं."

"खापर घेऊन?"

त्यांनी दावं खाली ठेवलं, पण उठले नाहीत. "मग डोंगराला गेली म्हातारी," ते म्हणाले. "तूच जा. माझं ऐकायची न्हाई ती. माझं कवा ऐकलंय?"

चरवी तशीच उंबऱ्यात ठेवून मी पळाले.

आमचा धनगरवाडा सड्याच्या एका टोकाला आहे. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट रान. पावसाळ्यात तिथं कमरेइतकं गवत होतं आणि माघात ते असं वाळतं की बैल अंग घासून गेला तरी कुरकुरतं. सड्याच्या काठावरून उतार लागतो आणि उताराच्या पायथ्याला पाथरशेत गाव. समोर दरीपलीकडे कडा आहे, त्या कड्यात वाघजाईचं ठाणं.

आमच्याकडे देवीला डोंगर बोलायची चाल होती. काही मोठं मागायचं असलं तर माणूस म्हणायचं, आई, एवढं कर, तुला डोंगर दावीन. काम झालं की शिमग्याच्या आत आपल्या चुलीतला विस्तव खापरात घालून अनवाणी सड्यावर जायचं आणि गवताला लावायचा. समोरच्या कड्यावरून देवीला तो जाळ दिसला की नवस फिटला. त्यात एक पथ्य होतं. बोललेला जाळ आपला आपण विझला पाहिजे. कुणी झोडपून विझवला तर मागितलेलं परत जातं, असं सगळे धरून चालत.

नवसाचे असे किती डोंगर जळाले त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. पण आदल्या वर्षीचा वणवा सगळ्यांच्या लक्षात होता. तो कुणी लावला ते आजपर्यंत कळलं नाही. सड्यावरून तो उतारावर गेला, पाथरशेतची काजूची झाडं गेली आणि सखाराम पवारांचा गोठा गेला. गुरं सोडता आली, गोठा नाही. पाथरशेतनं ठरवलं की हे वरच्या धनगरांचं काम. त्यांच्या हद्दीत पाण्याचं टाकं आहे, उन्हाळ्यात आमच्या म्हशींना तेवढंच पाणी. त्या वाटेवर त्यांनी बोरीच्या काट्या टाकल्या. तो उन्हाळा आम्ही म्हशी नदीपर्यंत उतरवल्या आणि संध्याकाळी परत चढवल्या. माझी कपिली त्या चढावर बसली ती उठली नाही.

यंदा वनरक्षक भिसेमॅडमनी दोन्हीकडच्या लोकांना समोरासमोर बसवलं होतं. सड्याच्या काठानं रुंद पट्टा साफ करायचा, म्हणजे वरची आग खाली आणि खालची वर जाणार नाही. सरकारी भाषेत जाळरेषा, आम्ही रेघ म्हणायचो. दोन्हीकडनं घरटी एक माणूस. रेघ जाळून झाली आणि वणवा लागला नाही तर पावसाळ्यापर्यंत आमच्या म्हशी टाक्यावर. सड्यावर धूर दिसला की त्याच दिवशी वाट बंद. वाड्याच्या वतीनं त्या कागदावर अंगठा मी उठवला होता. सही मी पुष्कळ पुढे शिकले.

आणि आता माझीच सासू विस्तव घेऊन सड्यावर चालली होती.

त्या मला पाणंदीच्या वळणावर सापडल्या. अनवाणी, डोळ्यांत मोतीबिंदू, एका हातात खापर आणि दुसरा हात वाऱ्याला आडवा.

"आत्याबाई, थांबा."

त्या थांबल्या नाहीत. "म्हशी सोडल्यास का?"

"खापर द्या इकडं."

"हात लावू नगंस. देवीचा इस्तू हाय."

"तुम्ही डोंगर पेटवला तर म्हशी कुठं पाजायच्या?"

"नदीवर."

"कपिली कुठं मेली ठाऊक हाय ना?"

तेव्हा त्या थांबल्या. दम लागला होता. मी त्यांच्या समोर वाटेत बसले. त्यांना मला ओलांडून जाता येईना आणि मला खापर हिसकावता येईना. देवीच्या नावानं काढलेला विस्तव सांडत नाहीत. मग त्याही बसल्या. विस्तवाला त्यांनी फुंकर घातली नाही, मी पाणी ओतलं नाही. तो राख होईपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो.

"कशाचा नवस हाय ते तरी सांगा," मी म्हणाले.

"तुला काय करायचंय?"

"बिरूचाच ना? सारा वाडा म्हणतो बिरूचा."

"म्हणू दे की."

बिरू माझा मुलगा. लग्न झाल्यावर बऱ्याच वर्षांनी झालेला. तेव्हा तो मिसरूड फुटून साताऱ्याला गवंड्याच्या हाताखाली कामाला होता.

"बिरू लग्नाला आला," मी म्हणाले. "इतकी वर्षं आई थांबली, आणखी थोडी थांबंल."

"आई थांबंल. मी न्हाई थांबायची. दसऱ्याला तू आडवी पडली हुतीस, तवा कोण थांबलं हुतं? सांग की."

दसऱ्यात मला ताप भरला होता आणि मी बरेच दिवस अंथरुणाला खिळले होते. त्या दिवसांत धार, शेण, पाणी सगळं त्यांनी केलं. मला वाटलं, त्या तेच काढतायत.

"उपकार झाले तुमचे," मी म्हणाले.

"उपकार," त्या म्हणाल्या, आणि राख झालेलं खापर उचलून घराकडे वळल्या. "उद्या परत येईन. परवा येईन. तू म्हशी राखशील का मला राखशील?"

त्यांचं खरं होतं. माणसाला कोण किती राखणार?

म्हशी मालकांच्या हवाली करून मी त्याच दिवशी पाथरशेतला उतरले. सखारामअण्णा पवार गावच्या वनसमितीचे अध्यक्ष होते. जळलेल्या गोठ्याच्या जागी त्यांनी नवा उभारला होता, पण जुन्या गोठ्याची मेढ, जळून काळा पडलेला खांब, मुद्दाम तशीच ठेवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. भिसेमॅडम त्यांच्या पडवीत चहा पीत बसल्या होत्या. रेघेवरचं गवत कापून वाळलं होतं, ते जाळून पट्टा मोकळा करायचा दिवस ठरवत होत्या.

मी सगळं सांगून टाकलं. लपवून उपयोग नव्हता. धूर लपत नाही.

अण्णांनी त्या काळ्या मेढीकडे पाहिलं. मग म्हणाले, "वैनी, तुमच्या देवीला आमचाच डोंगर लागतो का? तुमच्या घरावरचं गवत चालत न्हाई?"

"देवी तुमचीबी हाय, अण्णा. जत्रेत पालखीला खांदा तुमचाच असतो."

"आमी नारळ देतो. कोंबडं देतो. दुसऱ्याचा गोठा देत न्हाई."

भिसेमॅडम म्हणाल्या, "ठकूमावशी, आजींना समजावा. नाहीतर मला कायद्यानं जावं लागेल. म्हातारीवर गुन्हा दाखल करायची माझी इच्छा नाही."

"त्यांना कायद्याचं भ्या न्हाई, मॅडम. त्यांना मरायच्या आत नवस फेडायचाय."

मॅडमनी कप खाली ठेवला. नोकरीत नवीन होत्या, पण वर्षभर डोंगर चढून त्यांचाही चेहरा आमच्यासारखाच रापला होता. त्यांनी कपाळ चोळलं. मी विचारलं, "रेघ कवा पेटवणार?"

"वारा पडला की. परवा सकाळी, दव असताना."

"कशानं?"

"काडेपेटीनं. आणखी कशानं?"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या ध्यानात माझ्या आधी आलं की मागून, सांगता येत नाही. पण नको म्हणणारे पहिले तेच.

"जमायचं न्हाई," ते म्हणाले. "म्हातारीच्या खापरातनं रेघ पेटवली की म्होरल्या साली सगळे खापरं घिऊन रांगंत."

"येऊ द्या की," भिसेमॅडम म्हणाल्या. "रेघ तर दर वर्षी जाळायचीच आहे. मला माणसं मिळत नाहीत म्हणून मी रडते."

"आन् म्हातारी ऐकंल? ती डोंगर बोललीय. रेघ न्हवं."

"ते तुम्ही सांगा त्यांना," मी म्हणाले. "माझं बोलून झालंय."

अण्णा पुटपुटत उठले. काठी घेतली. माझ्या मागून चढ चढताना ते सगळी वाट कुरकुरत होते, पण आले.

आत्याबाई अंगणात शेळीच्या गळ्यातली घंटा बांधत होत्या. आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"सखा का? गोठ्याचं भांडण घिऊन आलास?"

"न्हाई. तुझा नवस मोडाया आलोय."

"बस."

अण्णा बसले. "म्हातारे, एक सांग. गेल्या सालचा वणवा मी दरीपल्याडनं बघितला. पाव्हण्यांकडं गेलो हुतो. सांगू काय दिसलं? धूर. नुसता धूर. आमचं गाव दिसंना, तुमचा वाडा दिसंना. देवीला काय दिसलं असंल?"

आत्याबाईंनी घंटा खाली ठेवली.

"रेघ ह्या टोकापासनं त्या टोकापातूर हाय," अण्णा म्हणाले. "दव असताना पेटवली तर धूर कमी, जाळ बुटका, पर सरळ. कड्यावरनं ओळ दिसंल, आरतीची वात दिसावी तशी."

"दोन्ही टोकं?"

"दोन्ही."

"आन् कोण मारायचं न्हाई. आपसूक इझला पायजे."

"रेघेच्या बाहेर गवतच न्हाई. खायाला संपलं की इझंल. डहाळे घिऊन माणसं कडंला हुबी ऱ्हातील, बस."

"बाहेर गेला तर?"

"बाहेर कसा जाईल?" अण्णा म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

आत्याबाईंनी घंटा परत उचलली. "पाथरशेतची माणसं वहाणा घालून यायची न्हाईत."

"आता हे काय नवीन?"

"डोंगर बोललेल्याच्या मागनं वहाणा घालून चालत न्हाईत. तुझ्या आज्याला ठाव हुतं."

"कापल्या गवताचे खुंट हायती म्हातारे, सुयांवाणी."

"मग डोंगरच पेटवते."

"काढतो वहाणा," अण्णा म्हणाले. "काढतो, बाई."

ठरलेल्या सकाळी उजाडताना सगळे रेघेवर जमले. पाथरशेतची माणसं पायताणं काठावर एका ओळीत काढून, पाय उचलत उचलत खुंटांवरून चालत आली. कुणी हसलं की अण्णा डोळे वटारत. प्रत्येकाच्या हातात जांभळीचा ओला डहाळा. भिसेमॅडमनी बूट काढले तेव्हा आमच्या बायका गप्प झाल्या. मॅडमनी कुणी कुठं उभं राहायचं ते दाखवलं. वर आमच्या वाड्याची माणसं, खाली त्यांची.

आत्याबाईंनी खापर खाली ठेवलं. समोरच्या कड्याकडे तोंड केलं. त्यांना कडा दिसत नव्हता, पण तो कुठं आहे ते ठाऊक होतं. ओठ हलले. मग वाळक्या गवताची मूठ विस्तवाला लावून त्यांनी ती रेघेवर टाकली.

अण्णा म्हणाले होते तसंच झालं. जाळ गुडघ्याएवढा, पण सरळ. दोन्ही बाजूंना हळूहळू सरकत गेला. कडेची माणसं डहाळा हातात धरून त्याच्याबरोबर चालत होती, मिरवणुकीत चालावं तशी. पाथरशेतच्या एकानं आमच्या लखूला तंबाखू दिली. लखू गेल्या वर्षी त्याच माणसाच्या अंगावर धावून गेला होता.

ऊन वर आलं. दव उडालं. रेघेचा थोडाच तुकडा राहिला असताना वावटळ आली.

ती आम्हाला दिसली, कारण राख गरगरत उभी राहिली. अण्णा ओरडले. जळतं गवत उचललं गेलं आणि रेघेच्या वरच्या बाजूला, सड्याच्या उभ्या गवतात पडलं. त्याच्यामागे आमच्या गवताच्या उडव्या होत्या आणि उडव्यांच्या मागे वाडा.

गवत लगेच पेटलं. आणि कुणी हललं नाही.

हे आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. हातात डहाळे घेतलेली दोन गावांची माणसं तिथं उभी होती आणि कुणी हललं नाही. नवसाचा जाळ होता. तो मारायचा म्हणजे कुणाचं तरी मागितलेलं परत पाठवायचं. पाथरशेतच्या लोकांनाही ते ठाऊक होतं. भिसेमॅडम "मारा, मारा" म्हणत पुढे धावल्या, त्या एकट्याच.

मी डहाळा उचलला. माझ्या डोक्यात बिरूसुद्धा आला नाही, खोटं कशाला सांगू. उडव्या आल्या, म्हशी आल्या. मी पुढे पाऊल टाकलं तेवढ्यात आत्याबाईंनी माझा दंड धरला. त्या म्हातारीच्या हातात तेवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तू न्हाई."

"सोडा, आत्याबाई. वाडा जाईल."

"तू हात लावायचा न्हाई. दुसरं कुणीबी. तू न्हाई."

त्यांनी मला मागे ढकललं. मी खुंटांवर आपटले. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली, दुहेरी केली आणि आवाजाच्या रोखानं जाळाकडे चालत गेल्या. "मी बोलले, मीच मोडते," त्या कड्याकडे बघून म्हणाल्या. "जे काय हाय ते माझ्या अंगावर घे. पोरीला लावू नगं." आणि घोंगडी जाळावर मारली.

त्यानंतर सगळे तुटून पडले. वरचे कोण, खालचे कोण, कळेना. अण्णा अनवाणी पेटत्या गवतात उभे राहून डहाळा मारत होते. लखूनं धोतराचा सोगा खोचला होता, तो जळाला तेव्हा त्याच तंबाखूवाल्यानं त्याला ओढून बाजूला केलं. थोड्या वेळात नुसता धूर राहिला आणि तोही पातळ झाला.

सगळे जिथं होते तिथं बसले. अण्णा जळालेल्या जागेभोवती एक फेरी मारून आले. आमचे मालक त्यांच्याकडे बघत होते, मी बघत होते. धूर तर दिसला होता.

"रेघेच्या बाहेर किती जळलं?" भिसेमॅडमनी विचारलं.

"चटईएवढं," अण्णा म्हणाले. ते चटईपेक्षा पुष्कळ जास्त होतं. "चटईला कुणी वणवा म्हणत न्हाई. काय रे?"

पाथरशेतची माणसं म्हणाली, न्हाई म्हणत.

मी आत्याबाईंच्या जवळ गेले. त्या खडकावर बसल्या होत्या. घोंगडीला भोक पडलं होतं, त्यात त्या बोट घालून चाचपत होत्या. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"पोरीला म्हणालात," मी म्हणाले. "कुठली पोरगी?"

त्यांनी भोकातलं बोट बाहेर काढलं.

"बिरूचा नवस न्हवता."

"बिरू तवा कुठं हुता?" त्या म्हणाल्या. "पहिल्या बाळंतपणात तुला घोंगडीच्या झोळीतनं खाली नेलं. तुला सुद न्हवती. पोर पोटातच गेलं हुतं, ते मला कळलं हुतं. डाक्तर म्हणला, ही बी न्हाई वाचायची. म्या तितंच, दवाखान्याच्या पायरीवर बोलले. पोर घेतलंस ते घेतलंस. ही मला दे, डोंगर दावीन."

मी त्यांच्या बाजूला खडकावर बसले.

"मग फेडला का न्हाई?"

"तू रिकाम्या वटीनं घरला आलीस. तवा डोंगर पेटवला असता तर लोक म्हणले असते, नातू गेला आन् म्हातारी दिवाळी करती. तुलाबी तसंच वाटलं असतं. बिरू झाल्यावर लोकांनी तो नवस बिरूचा धरला. म्हणलं धरू द्या. तू रोज डोळ्याम्होरं धडधाकट, मग वरसाला वरीस लागलं. दसऱ्याला तू आडवी पडलीस. मग मला झोप न्हाई."

खाली पाथरशेतची माणसं पायताणं शोधत होती. एकाची दुसऱ्यानं घातली म्हणून वाद चालला होता.

"आता मोडला की नवस," मी म्हणाले.

"माझ्या हातनं मोडला. तुझ्या न्हाई." त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली. "म्हशी तानेल्या असतील. ऊन बघ किती आलंय."

मी म्हशी सोडल्या. टाक्याच्या वाटेवरच्या बोरीच्या काट्या बैठकीनंतर कडेला ओढून ठेवल्या होत्या, कुणी परत आडव्या टाकल्या तर टाकता याव्यात अशा. मी पोचले तेव्हा त्या उचलून कुणीतरी दरीत फेकल्या होत्या. अण्णा टाक्याच्या पन्हाळीत पाय सोडून बसले होते. तळव्यांना फोड आले होते.

"वैनी, तुमच्या देवीनं माझे पाय खाल्ले," ते म्हणाले.

"तुमचीबी हाय ती."

"व्हय. पुढल्या साली नारळच देतो." त्यांनी म्हशींना वाट दिली, पाय मात्र पाण्यातच ठेवले. मग म्हणाले, "म्हातारीनं तुम्हाला ढकललं ते बघितलं मी. नवस नक्की कुणाचा हुता?"

थोरली म्हैस पाण्याच्या काठाशी थांबून माझ्याकडे बघत होती. एक वर्ष त्या पाण्यावर आली नव्हती, तिला धीर होत नव्हता.

"बिरूचा," मी म्हणाले, आणि तिच्या पाठीवर थाप मारली.